त्या दोन ओळींसाठी एक मिनिट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त कोल्हापुरात झालेल्या कार्यक्रमांची छायाचित्रे गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात प्रसिद्ध झाली. त्यांतील एका छायाचित्राखाली ‘विशेष मुलीच्या कवितेने उपस्थितांची मने जिंकली’ अशी ओळ होती. ती मुलगी माझी विद्यार्थिनी आहे. छायाचित्र छापल्याबद्दल मी आणि तिचे आईवडील आपले मनापासून आभारी आहोत. तिच्या आईने ते कात्रण देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर चिकटवले आहे. मात्र त्या दिवशी व्यासपीठावर जे घडले ते त्या ओळीत आलेले नाही. ते आपल्या वाचकांना कळावे, आणि विशेष मुलांच्या शिक्षणात कवितेचे नेमके काम काय असते हेही या निमित्ताने सांगता यावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मुलगी तेरा वर्षांची असून तिला डाउन सिंड्रोम आहे. आठ ओळींची कविता पाठ व्हायला तिला चार महिने लागले. दिवाळीच्या सुट्टीत ओळी विसरायला नकोत म्हणून तिच्या वडिलांनी त्या माझ्या आवाजात मोबाइलवर भरून नेल्या. ते हंगामात गुऱ्हाळावर कामाला असतात. रात्री घरी आल्यावर जेवणाआधी एकदा आणि नंतर एकदा ते तिच्याबरोबर त्या ऐकत. माइकसमोर उभी राहिल्यावर पहिला शब्द बाहेर यायला तिला जवळजवळ मिनिट लागते, आणि प्रत्येक ओळीनंतर ती थांबून माझ्याकडे पाहते. स्पर्धेला वेळ होती तीन मिनिटांची. तिची सहावी ओळ संपता संपता घंटा वाजली. सूत्रसंचालकांनी प्रेक्षकांना जोरदार टाळ्या वाजवायला सांगितले, तिच्या हाती गुलाबाचे फूल दिले आणि दंडाला धरून तिला पायऱ्यांपर्यंत आणून सोडले. एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात फूल सांभाळत, उतरता उतरता तिने उरलेल्या दोन ओळी म्हटल्या. माइक वरच राहिला होता. त्या ओळी मी, तिची आई आणि पायऱ्यांजवळ बसलेली दोन लहान मुले, एवढ्यांनीच ऐकल्या.

निकाल लागल्यानंतर मी परीक्षकांच्या परवानगीने गुणतक्ता पाहिला. इतर मुलांच्या नावांपुढे पाठांतर, उच्चार, आवाजातील चढउतार आणि सादरीकरण असे चार रकाने भरलेले होते. तिच्या नावापुढे चारही रकान्यांतून एक आडवी रेघ ओढलेली होती. कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता याची मला खात्री आहे. संयोजकांनी आम्हाला आदराने बोलावले होते आणि आदरानेच निरोप दिला. पण चार महिने शिकलेल्या मुलीला पन्नासपैकी अकरा गुण मिळाले असते तरी मला चालले असते, कारण त्या अकरा गुणांचा अर्थ तिचे ऐकले गेले असा झाला असता. रेघेचा अर्थ तसा होत नाही.

मी हे इतक्या आग्रहाने का लिहिते आहे ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कवितेची ओढ मला शाळेत जाण्याआधीपासून आहे. पन्हाळा तालुक्यातील आमच्या घरी आजी पहाटे नाचणी दळायला बसे आणि मी तिच्या मांडीवर डोके ठेवून अर्धवट झोपेत असे. ओव्यांचे निम्मे शब्द मला कळत नसत, पण जात्याचा फेरा कुठे संपतो आणि ओळ कुठे वळते हे अंगाला कळत असे. ओळ चुकली की खुंट्यावरचा हातही अडखळे. पुढे चौथीत आमचे गुरुजी शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा अर्धा तास केवळ कविता म्हणून घेत. सगळा वर्ग एका सुरात म्हणत असल्यामुळे ज्यांना धड वाचता येत नसे त्यांच्याही कविता पाठ होत. नववीत वृत्ते आली. ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र इतरांना जड जाई, मला मात्र त्याचे वेड लागले. भुजंगप्रयाताचे ‘लगागा लगागा लगागा लगागा’ मी बाकाच्या कडेवर बोटांनी वाजवत असे, लघूसाठी करंगळी आणि गुरूसाठी अंगठा. कोल्हापुरात शिकायला आल्यावर करवीर नगर वाचन मंदिरातून कवितासंग्रह आणायचे आणि परत देण्याआधी आवडत्या कविता वहीत उतरवून घ्यायच्या, असा क्रम कित्येक वर्षे चालला. १८५० साली सुरू झालेल्या त्या वाचनालयाचे माझ्यावर फार ऋण आहे. त्या पाच वह्या आजही माझ्या कपाटात आहेत.

मराठी घेऊन बी. ए. झाल्यानंतर मी एका विशेष शाळेत रजेच्या जागेवर तीन महिन्यांसाठी गेले, आणि त्याला आता चोवीस वर्षे झाली. मधल्या काळात भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची पदविका घेतली, त्याशिवाय या मुलांना शिकवता येत नाही. सुरुवातीची काही वर्षे मी कविता वर्गाबाहेरच ठेवली होती. पालक येत ते विचारत, याला शर्टाची बटणे कधी लावता येतील, ही एकटी शौचाला कधी जाईल, केएमटीच्या कंडक्टरकडून सुट्टे पैसे नीट घेता येतील का. हे प्रश्न खरे होते आणि आजही खरे आहेत. त्यांच्यापुढे कवितेची गोष्ट काढणे म्हणजे माझी हौस मुलांवर लादणे होईल, असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. ती माझी चूक होती, आणि ती माझ्या लक्षात आणून दिली आमच्या शाळेतील एका मदतनीस मावशींनी, त्यांना स्वतःला न कळता.

ज्योतिबाची चैत्र यात्रा नुकतीच होऊन गेली होती. माझ्या वर्गात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला स्वमग्नता होती आणि जोडीला बौद्धिक अक्षमताही. दोन वर्षांत शाळेत कोणीही त्याच्या तोंडून एकही स्पष्ट शब्द ऐकलेला नव्हता. घरचे त्याला डोंगरावर नेऊन आले होते, केसांच्या मुळाशी गुलाल अजून होता. मावशी व्यायामाची जड गादी उचलत होत्या, आणि ओझे उचलताना आपल्याकडे सहज तोंडी येते तसे त्या म्हणाल्या, “ज्योतिबाच्या नावानं...” पुढचा शब्द मी म्हणणार तोच कोपऱ्यातून आवाज आला, “चांगभलं.” मावशींच्या हातून गादी सुटली. आम्ही दोघींनी तो खेळ त्या दिवशी आणखी तीनदा केला. दोनदा तो गप्प बसला आणि तिसऱ्यांदा पुन्हा म्हणाला.

जो मुलगा ‘पाणी’ म्हणत नाही तो ‘चांगभलं’ कसे म्हणतो, हा प्रश्न घेऊन मी आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या वाचाउपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी समजावून दिले ते असे. ठरलेल्या लयीत, ठरलेल्या जागी येणारा शब्द आणि मनात काही योजून स्वतःहून उच्चारलेला शब्द, या दोहोंसाठी मेंदूला करावे लागणारे काम सारखे नसते. पक्षाघाताने वाचा गेलेली काही माणसे साधे वाक्य बोलू शकत नाहीत पण पाठ असलेले गाणे शब्दांसह म्हणतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि त्याच्याच आधारे सुरावरून बोलण्याकडे नेणारी एक उपचारपद्धती १९७० च्या दशकात तयार झाली. लय म्हणजे जणू जिन्याचा कठडा आहे, आणि यात्रेत हजारो तोंडांतून एकाच चालीत ऐकलेल्या त्या घोषाने आमच्या मुलाच्या हाती तो आपसूक दिला होता. आजीच्या जात्याची आठवण मला त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी झाली.

त्यानंतर मी त्याच्यासाठी दोन ओळी रचल्या, “टप टप टप टप कुणाची गाणी? हंड्यात आलं गार गार पाणी.” यात काव्य म्हणून सांगण्यासारखे काही नाही, पण या ओळी मी रोज पाण्याच्या हंड्याजवळ उभी राहून, त्याच चालीत आणि त्याच वेगाने म्हणत असे. जून आणि जुलै हे दोन महिने पूर्ण ओळच म्हटली. ऑगस्टपासून शेवटचा शब्द सोडायला सुरुवात केली. “हंड्यात आलं गार गार...” एवढे म्हणून थांबायचे, त्याच्याकडे पाहायचे आणि मनात दहापर्यंत अंक मोजायचे. हे थांबणे फार कठीण असते. शिक्षकाची जीभ वळवळते, आई जवळ असली तर तिला राहवत नाही आणि ती शब्द पुरवून मोकळी होते. दहा अंक होऊनही उत्तर आले नाही तर आपणच शांतपणे शब्द म्हणायचा, भांडे भरून द्यायचे आणि रागवायचे नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्याने “पाणी” म्हटले. जानेवारीत तो ओळ नसतानाही, हंडा समोर नसतानाही, वर्गात माझा पदर ओढून “पाणी” म्हणाला. त्याच्या आईने पुढे हाच प्रकार स्वयंपाकघरात चालवला, भाकरीवर तूप, ताटात आमटी, गोठ्यात म्हैस, असे करत करत वर्षभरात त्याच्याजवळ तेवीस शब्द जमले. ती शब्दांची यादी तिने गॅस सिलिंडरच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती.

व्यासपीठावर गेलेल्या मुलीची अडचण वेगळी होती. तिच्याकडे शब्द पुष्कळ, पण ते एकमेकांवर आदळत आणि ऐकणाऱ्याला काहीच उमजत नसे. तिच्यासाठी कापडाच्या पट्टीवर चार मोठी बटणे शिवून घेतली आहेत. एक शब्द उच्चारायचा आणि एका बटणावर बोट टेकवायचे, बोट पुढच्या बटणावर गेल्याखेरीज पुढचा शब्द नाही. ही युक्ती माझी नाही, वाचाउपचारात ती सर्रास वापरतात; मी फक्त तिला कवितेच्या ओळी जोडल्या, कारण कवितेत प्रत्येक वेळी तेच शब्द त्याच क्रमाने येतात आणि बोटाला सवय होते. बाकाच्या कडेवर करंगळी आणि अंगठा वाजवणारी नववीतली मुलगी मला तिच्या जागी दिसते. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांची ऐकलेले लक्षात ठेवण्याची शक्ती पाहिलेले लक्षात ठेवण्याच्या शक्तीपेक्षा कमी असते, म्हणून प्रत्येक ओळीसाठी एक चित्रही काढले. स्पर्धेच्या दिवशी ती पट्टी तिच्या मनगटाला बांधलेली होती. पायऱ्यांवर एका हातात कठडा आणि दुसऱ्या हातात फूल असल्यामुळे तिला बटणांना बोट लावता येत नव्हते, आणि तरीही शेवटच्या दोन ओळी तिने शब्द न गोंधळता म्हटल्या. चार महिन्यांत असे पहिल्यांदाच घडले होते. शिक्षिका म्हणून माझ्या दृष्टीने त्या दिवशीची सर्वांत मोठी गोष्ट तीच, आणि ती कार्यक्रम संपल्याचे ठरवून झाल्यानंतर घडली.

कवितेने सगळ्याच मुलांना बोलता येते असा माझा दावा नाही. माझ्याच वर्गातील एका मुलाला टाळ्यांचा ठेका सहन होत नाही, तो कान झाकून टेबलाखाली जातो. त्याच्यासाठी कविता म्हणजे क्रमाने लावलेली सहा चित्रकार्डे. कर्णबधिर मुले कविता हातांनी करतात, आणि भारतीय सांकेतिक भाषेत पावसाची ओळ पाहिल्यावर आपण पाऊस पहिल्यांदाच पाहतो आहोत असे मला वाटले होते. काही मुले काहीच म्हणत नाहीत, केवळ आपली आवडती ओळ आली की शरीराची अस्वस्थ हालचाल थांबवून ऐकतात. त्या मुलांसाठी तेवढेही माझ्या दृष्टीने थोडे नसते.

असे असूनही कागदोपत्री कवितेची जागा कोणती? बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळांत प्रगती मोजण्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली तपासणी सूची वापरण्याची पद्धत आहे. तिच्यात वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक आणि मनोरंजन अशी क्षेत्रे आहेत. पहिल्या चार क्षेत्रांतील कौशल्यांची टक्केवारी काढली जाते आणि तिच्यावरून मुलाचा वरचा गट ठरतो. मनोरंजनाला केवळ अक्षरश्रेणी असते, ती टक्केवारीत धरली जात नाही. ही सूची उत्तम आहे, मी ती इतकी वर्षे वापरते आहे, आणि तिच्यात मनोरंजनाला वेगळी जागा दिली हे मला योग्यच वाटते, कारण आनंदाला टक्के लावू नयेत. अडचण एवढीच आहे की गाणी-कविता हा सगळा ऐवज डोळे झाकून मनोरंजनात टाकण्याची सवय आपल्याला लागली आहे. ज्या कवितेतून मुलगा पाणी मागायला शिकला ती संवादाची पायरी म्हणून त्याच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लिहिली गेली पाहिजे, उद्दिष्ट, साहाय्याची पातळी आणि तारखेसह. आमच्या शाळेत आम्ही गेली काही वर्षे तसे लिहितो. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी “हे गॅदरिंगचे इकडे कशाला?” असे विचारले होते; आराखडा आणि त्या मुलाच्या नोंदी दाखवल्यावर त्यांनी त्या शांतपणे वाचल्या आणि शेरा चांगला दिला, हेही नमूद केले पाहिजे.

आपल्याकडे विशेष शाळा शिक्षण खात्याच्या अखत्यारीत नाहीत. २०२२ च्या डिसेंबरात महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला ही मोठीच गोष्ट झाली. पण शेजारच्या मराठी शाळेत कवितेच्या अध्यापनावर होणारी प्रशिक्षणे आमच्यापर्यंत सहसा पोचत नाहीत आणि आमचे अनुभव त्यांच्यापर्यंत जात नाहीत. सर्वसाधारण शाळांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले. मी वर ज्या दहा अंकांच्या थांबण्याविषयी लिहिले आहे ते थांबणे चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला शक्य नाही, हे ते प्रमाण वाचताना लक्षात ठेवावे.

आता स्पर्धेच्या वेळेकडे पुन्हा येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि वाजवी सोयी-सवलती नाकारणे हा भेदभाव ठरवला. आपल्या दहावी-बारावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला वीस मिनिटे जादा मिळतात, हे आता सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. तोच हिशेब तीन मिनिटांना लावला तर एक मिनिट जादा होते. माझ्या विद्यार्थिनीला तेवढेच हवे होते. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी या संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिना एक रुपया दंड ठेवला, ही गोष्ट कोल्हापुरातील प्रत्येक भाषणात येते. त्या गावात एका मिनिटाची मागणी जास्त आहे असे मला वाटत नाही.

म्हणून काव्यवाचनाच्या आणि पाठांतराच्या स्पर्धा भरवणाऱ्या सर्व संस्थांना, मंडळांना आणि शाळांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. विशेष मुलांना पाहुणे म्हणून न बोलावता स्पर्धक म्हणून बोलवावे. त्यांच्यासाठी वेगळा, सोपा गट काढला तर आमची ना नाही. पण काढला नाही तरी त्याच गटात त्यांना जादा वेळ, चित्रे किंवा बटणपट्टी वापरण्याची मुभा आणि सांकेतिक भाषेतून सादर करण्याची परवानगी द्यावी. गुणतक्त्यातील रकाने भरावेत, कमी तर कमी. परीक्षकांना अशा मुलांचे ऐकण्याची सवय नसेल तर आमच्या शाळेत येऊन एखादी सकाळ वर्गात बसावे, आम्ही केव्हाही तयार आहोत. आणि ओळ मध्येच थांबली तर सभागृहातून कोणीही पुढचा शब्द सांगू नये. तो सांगण्याची इच्छा प्रेमातून होते हे मला ठाऊक आहे, पण तो शब्द शोधायला मुलाला दहा अंकांइतका अवकाश लागतो.

येत्या २१ मार्चला एक योग आहे. युनेस्कोने १९९९ मध्ये हा दिवस जागतिक कविता दिन म्हणून जाहीर केला, आणि २०१२ पासून संयुक्त राष्ट्रसंघातर्फे याच तारखेला जागतिक डाउन सिंड्रोम दिनही पाळला जातो. डाउन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, म्हणून तिसऱ्या महिन्याचा एकविसावा दिवस निवडलेला आहे. त्या दिवशी सकाळी आमच्या शाळेच्या पटांगणात ही मुलगी तिची कविता आठही ओळींसह म्हणणार आहे. तिच्या वडिलांनी त्या दिवशी गुऱ्हाळावर खाडा सांगून ठेवला आहे.

शेवटी एक व्यावहारिक बाब. तिने पुढच्या वर्षासाठी नवी कविता निवडली आहे, ती बारा ओळींची आहे, आणि तिची पहिली ओळ आम्ही जूनमध्ये घेणार आहोत. पुढील २७ फेब्रुवारीच्या स्पर्धांचे संयोजक नियम सहसा पंधरा दिवस आधी कळवतात. आमच्या मुलांना तेवढ्यात एक ओळही बसत नाही. कोणत्या गटाला किती ओळी, किती वेळ आणि कोणती साधने चालतील, एवढे जरी त्यांनी शाळांना ऑक्टोबरअखेर कळवले, तरी आम्ही फेब्रुवारीपर्यंत तयार असू.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका,
कोल्हापूर